‘हो बाई’वर विसंबू नका

गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी भाषा विषयावर भाषण केलं. निवृत्तीला आलेले, मुलांवर जिवापाड माया असणारे शिक्षक आहेत ते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांना समजलं की नाही हे सारखं तपासत बसणं ही अलीकडची टूम आहे. जातिवंत शिक्षकाला ते वर्गाच्या डोळ्यांत दिसतं. धड्या-कवितांची अशी चिरफाड केली तर भाषेची गोडीच मरते. शिवाय तीस-चाळीस मुलं, एवढा मोठा अभ्यासक्रम, यात वेळ कुठून काढायचा? आणि शेवटी परीक्षा असतेच की. टाळ्या पडल्या. जेवणाच्या सुट्टीत दोन तरुण शिक्षिका मला म्हणाल्या, “सर अगदी आमच्या मनातलं बोलले.”

ते वाक्य ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. सरांबद्दल मला आदर आहे, पण त्यांचं हे म्हणणं मला मान्य नाही. 26 वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवल्यावर मी असं म्हणते की या समजुतीने मुलांचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या कठीण पाठ्यपुस्तकानेही केलेलं नाही.

आधी डोळ्यांचं बघू. माझी शाळा कारखानदारी पट्ट्यातली. वर्गात निम्मी मुलं उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा अशी कुठून कुठून आलेल्या कामगारांची. काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात मधल्या सुट्टीनंतरही एक मुलगा डबा उघडा ठेवून बसला होता. मी म्हटलं, “डबा खाली ठेव आणि फळ्यापाशी ये.” तो उठला, दाराजवळच्या कचऱ्याच्या टोपलीपाशी गेला आणि उरलेला भात त्यात ओतून मोकळा झाला. मी चिडले. अन्न टाकतोस म्हणून सगळ्या वर्गासमोर बोलले. तो रिकामा डबा छातीशी धरून उभा होता. डोळ्यांत पाणी. हळूच म्हणाला, “आपने ही तो बोला.” हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामा. त्याने माझी आज्ञा अक्षरशः पाळली होती, आणि वर बोलणीही खाल्ली होती.

त्याच्या डोळ्यांत मला काय दिसलं असतं? काहीही नाही. गोंधळलेल्या मुलाचे डोळे गोंधळलेले दिसतात, हे खरं. पण त्याचा गोंधळ झालाच नव्हता. त्याला पूर्ण समजलं होतं, फक्त चुकीचं. मी त्याला “समजलं का?” असं विचारलं असतं तर त्याने अगदी प्रामाणिकपणे “हो बाई” म्हटलं असतं.

या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे. मुलं खोटं ‘हो’ का म्हणतात याची चर्चा आपण शिक्षक नेहमी करतो. भीती वाटते, लाज वाटते, घंटा व्हायला आलेली असते, सगळा वर्ग ‘होऽऽ’ म्हणत असताना एकट्याने ‘नाही’ म्हणायचं धाडस नसतं. हे सगळं बरोबरच आहे. पण भाषेच्या तासाला सगळ्यात जास्त घात करतो तो खरा ‘हो’. हिंदी बोलणाऱ्या मुलाला ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘राग’ म्हणजे गाण्यातला राग, ‘यातायात’ म्हणजे रस्त्यावरची वाहतूक. “गुरुजींनी गोपाळला शिक्षा केली” हे वाक्य त्याला सरळ, सोपं, थोडंसं आनंदाचंच वाटतं. आपल्याला अडलंय हे ज्याला माहीत नाही तो हात वर कशाला करेल? “समजलं का?” असं विचारताना आपण मुलालाच त्याचा परीक्षक नेमतो, आणि ज्याला विषय अजून येत नाही अशा परीक्षकाचा निकाल प्रमाण मानून पुढच्या धड्याकडे वळतो.

हे फक्त परप्रांतीय मुलांपुरतं आहे असं कुणी समजू नये. मेळघाटातल्या मुलाच्या घरी कोरकू बोलतात, आणि कोरकूचं मराठीशी भाषाकुळाचंही नातं नाही. भामरागडला माडिया, सातपुड्यात पावरी, भिली. 2020च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, मग मंडळ आणि माध्यम कुठलंही असो, मराठी सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण त्यामुळे ज्यांच्या घरात मराठी बोललीच जात नाही अशी मुलंही आता मराठीच्या तासाला समोर बसलेली आहेत. आणि ज्यांच्या घरी मराठी आहे त्यांच्या मराठीत तरी पुस्तकातले शब्द किती असतात? ‘सावकार’, ‘मोट’, ‘उंबरठा’, ‘जातं’ हे शब्द मुलं नुसते डोळ्यांखालून घालतात. आणि डोळ्यांखालून गेलेली गोष्ट डोक्यात गेली असं आपण धरून चालतो.

इथे आपली लिपीही आपल्याला फसवते. देवनागरी जवळजवळ जशी लिहिली तशी वाचता येते. तुमच्या हातात नेपाळी वर्तमानपत्र दिलं तर तुम्ही ते फारसं न अडखळता मोठ्याने वाचाल, आणि बातमी विचारली तर गप्प बसाल. आमच्या वर्गात हेच रोज घडतं. मुलगी उभी राहते, स्वच्छ उच्चारात, विरामचिन्हांकडे लक्ष देऊन परिच्छेद वाचते, आपण “शाब्बास” म्हणतो. तिने वाचन केलं की नुसता उच्चार केला, हे कुणीच बघत नाही. ‘असर’चं सर्वेक्षण 2005 पासून खेड्यापाड्यांत जाऊन मुलांना मजकूर वाचायला देतं. 2022च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी 42.8 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. या आकड्यावर खूप आरडाओरडा झाला, व्हायलाच हवा होता. पण ज्या 42.8 टक्के मुलांना वाचता आलं, त्यांच्याबद्दल तो आकडा फक्त एवढंच सांगतो की त्यांनी मजकूर मोठ्याने वाचला. त्यातल्या किती जणांना तो समजला, याचं उत्तर त्यात नाही. ते त्यांच्या शिक्षकांनाच शोधावं लागणार आहे.

कुणी म्हणेल, आम्ही धड्याखालचे प्रश्न सोडवून घेतो, तपासणी तिथेच होते. मग हे वाक्य वाचा: “काल सायंकाळी एक लवखी टिंबुरी गोधळ्यात झुपकली.” आता उत्तरं द्या. कोण झुपकली? टिंबुरी. टिंबुरी कशी होती? लवखी. ती कुठे झुपकली? गोधळ्यात. केव्हा? काल सायंकाळी. चारपैकी चार गुण. टिंबुरी हा शब्द मी आत्ता बसल्या बसल्या बनवला, बाकीचेही तसेच. तुम्हाला उत्तरं देता आली ती मराठीच्या प्रत्ययांमुळे. ‘-त’ दिसला की ‘कुठे’चं उत्तर, विशेषण दिसलं की ‘कशी’चं. मुलं हे फार लवकर शिकतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, त्याच्या आजूबाजूची ओळ उचलायची, वहीत उतरवायची. स्वाध्याय पूर्ण, वही तपासली, लाल शाईची सही झाली. आणि टिंबुरी म्हणजे पक्षी की भांडं, हे कुणालाच कळलेलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर धड्यातली ओळ जशीच्या तशी उचलून देता येतं त्याने नक्कल करण्याचं कसब तपासलं जातं. समज तपासायची तर मुलाला ती ओळ सोडून यावं लागेल असं काहीतरी विचारलं पाहिजे.

सरांच्या भाषणातला सगळ्यात वजनदार मुद्दा कवितेचा होता, आणि माझ्याही मनात तो कितीतरी वर्षं होता. कविता समजली का असं विचारणं म्हणजे फूल कुस्करून वास बघणं, असं ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात एक वेदना आहे आणि ती मला कळते. ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ असा प्रश्न घालून तयार उत्तर लिहून देणं, रसग्रहणाच्या ठरावीक ओळी पाठ करून घेणं, गाईडमधला ‘मध्यवर्ती आशय’ उतरवून घेणं, याने कविता मरते. मी स्वतः हे केलेलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण हे काही समज तपासणं नव्हे. इथे मुलाची समज कुणी विचारलेलीच नसते, आपली समज त्याच्या वहीत उतरवलेली असते.

मी बहिणाबाईंची संसारावरची कविता वर्गात घेतली होती. चालीवर म्हणून घेतली. वर्ग रंगून गेला, पोरं बाकांवर ठेका धरत होती. सरांनी तो तास पाहिला असता तर म्हणाले असते, बघा, काही विचारायची गरज आहे का? तास संपताना मी सहज सांगितलं, कवितेत तुम्हाला जे दिसलं त्याचं चित्र काढून आणा. दुसऱ्या दिवशी एका मुलीने सुरेख चित्र आणलं. मोठा निळा-हिरवा गोल, त्यावर डोंगर, माणसं, एक विमान. पृथ्वी. तिच्या घरी हिंदी बोलतात आणि हिंदीत संसार म्हणजे जग. तिला कविता आवडली होती यात शंका नाही. पण ती बहिणाबाईंची कविता नव्हती. चूल, तवा, हाताला बसलेला चटका, भाकरी, यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि त्या दिवशी मी चित्र मागितलं नसतं तर आयुष्यभर पोचलं नसतं. मी तिला एवढंच सांगितलं की मराठीत संसार म्हणजे तुझी आई सकाळी उठल्यापासून जे करते ते सगळं. तिसऱ्या दिवशी तिने न सांगता दुसरं चित्र आणलं. त्यात एका खोलीतली शेगडी होती, आईचा हात होता आणि हाताच्या बोटाला पांढरी पट्टी होती. त्यानंतर मी त्या कवितेवर एक शब्दही शिकवला नाही.

चिरफाड कशाला म्हणायचं ते सरांनी ठरवावं. माझ्या मते त्या मुलीला कविता मिळाली ती तपासल्यामुळे.

वेळेच्या तक्रारीला मी कमी लेखत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय, पण प्रत्यक्षात एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात, वर निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं. पण ‘अभ्यासक्रम पूर्ण करणं हे आमचं कायदेशीर कर्तव्य आहे’ असं जेव्हा कुणी सांगतं तेव्हा मी त्यांना त्याच कायद्याचं कलम 24 पुढे वाचायला सांगते. ठरलेल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करणं हे शिक्षकाचं कर्तव्य त्यात आहेच. त्याच्या लगेच खालच्या उपकलमात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हेही कर्तव्य आहे. प्रत्येक मुलाची, असा शब्द आहे. कलम 29 मध्ये मुलाला ज्ञानाचं आकलन किती झालं याचं सातत्याने मूल्यमापन करा असं म्हटलंय. एक उपकलम पाळायचं आणि शेजारचं सोडायचं, हे चालणार नाही.

आणि वेळ लागतो तरी किती? मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. हिंदीतला ‘हम’ दोन्हींची कामं करतो, इंग्रजीतला ‘वुई’ही करतो. त्यामुळे इंग्रजी माध्यमात जाणारी मराठी घरांतली मुलंसुद्धा आता इथे अडखळतात. मी फळ्यावर लिहिलं: रेश्मा सीमाला म्हणाली, “आम्ही उद्या जत्रेला चाललोय.” विचारलं, सीमा जत्रेला जाणार का? पाटीवर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा, शेजारच्याचं बघू नका, मी तीन म्हटलं की पाट्या वर. 34 पाट्या वर आल्या. 19 पाट्यांवर ‘हो’ होतं. त्याच वर्गाने पाच मिनिटांपूर्वी “समजलं का?”ला एका सुरात ‘होऽऽ’ म्हटलं होतं. हे पाहायला मला अर्धं मिनिट लागलं. मग तीन मुलांना पुढे बोलावलं, ‘आम्ही’ म्हणताना हात आपल्या गटाकडे, ‘आपण’ म्हणताना ऐकणाऱ्यालाही कवेत घ्यायचं, असं करून दाखवलं. पाट्या पुन्हा वर. या वेळी चार चुका. त्या चार मुलांशी मी मधल्या सुट्टीत बोलले.

ज्याला आपण वेळ वाचवणं म्हणतो ते बहुतेकदा असं असतं: पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाला प्रश्न विचारायचा, त्याने बरोबर उत्तर दिलं की पुढे जायचं. शितावरून भाताची परीक्षा. पण एका पातेल्यातला भात एका आचेवर शिजलेला असतो. माझ्या वर्गातली 34 मुलं 34 चुलींवरून येतात. एक शीत शिजलं म्हणून दुसरं शिजलं असेल, असं धरता येत नाही. आणि त्या एका मुलाला तरी आपण विचार करायला किती अवकाश देतो? अमेरिकेत मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा असं दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. तोच अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प राहणाऱ्यांचं प्रमाण घटलं. दोन सेकंद वाढले, एवढाच खर्च. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशा मुलाला तर प्रश्न आधी आपल्या भाषेत नेऊन मग उत्तर परत आणायचं असतं.

मी ज्या बाजूने बोलते आहे तिथेही दोष आहेत, ते लपवणार नाही. 2010 पासून आपल्याकडे आकारिक मूल्यमापन आलं, आणि त्याच्या वर्णनात्मक नोंदी तयार पुस्तिकांतून उतरवल्या जाऊ लागल्या. ‘आत्मविश्वासाने बोलतो’, ‘कविता तालासुरात म्हणतो’, असं पानंच्या पानं. त्याला कंटाळून शिक्षक तपासणीवरच उखडले असतील तर मी त्यांना दोष देत नाही. दुसरा दोष याहून खोल आहे. अमेरिकेतच डोलोरेस डर्किन यांनी चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची 4,469 मिनिटं टिपली. 1978-79 साली ते संशोधन छापून आलं. त्यात मजकूर समजून कसा घ्यायचा हे प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेली मिनिटं 20 भरली. प्रश्न मात्र भरपूर विचारले जात होते. म्हणजे चूक की बरोबर एवढं बघून सोडून द्यायचं. अशी तपासणी पोलिसांच्या नाकाबंदीसारखी असते, तिने कुणी शहाणं होत नाही. 19 पाट्यांवर ‘हो’ दिसल्यावर त्या तासाचा पुढचा भाग बदलला नाही, तर पाट्या वर करायला सांगण्यात काही अर्थ नाही.

राहिली परीक्षा. ती एप्रिलमध्ये होते, आणि निकाल लागतो तेव्हा मूल माझ्या वर्गातून गेलेलं असतं. जूनमध्ये जे चुकीचं समजलं ते दहा महिने तसंच राहिलं, त्यावर पुढचे धडे रचले गेले. परीक्षेने मला ते सांगून काय उपयोग? नापास झालेल्या मुलाबद्दल मग आपल्याकडे ठरलेलं वाक्य असतं: पालथ्या घड्यावर पाणी. घडा पालथा आहे की सुलटा हे पाणी ओतण्याआधी बघायचं काम घड्याचं होतं की ओतणाऱ्याचं?

‘अलीकडची टूम’ या शब्दांवर फार लिहीत नाही. फलटणच्या मराठीचा अभ्यास करायला आलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन तिथेच राहिल्या, शाळा उभी केली, आणि मूल अर्थासह वाचतं का हाच त्यांच्या वाचनपद्धतीचा कणा होता. लीलाताई पाटलांनी कोल्हापुरात 1985 साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मूल काय म्हणतंय ते ऐकूनच पुढे शिकवायचं, ही गोष्ट महाराष्ट्रात जुनी आहे. आपण ती वाचली नाही, एवढंच.

त्या दोन तरुण शिक्षिकांना माझं सांगणं आहे. उद्या तुमच्या वर्गात जो धडा चालू असेल त्यातलं एकच वाक्य निवडा, जे तुम्हाला अगदी सोपं वाटतं असं. “समजलं का?” न विचारता त्यावर एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर त्या वाक्यातून उचलता येणार नाही. सगळ्यांना पाटीवर उत्तर लिहायला सांगा, आणि तीन म्हणून पाट्या वर घ्या. जे दिसेल ते घेऊन पुढच्या परिषदेला या. सरांनाही मी हेच कळवलं आहे. माझ्या वर्गाच्या पाट्यांचे फोटो मी बरोबर आणणार आहे.